डबलरोटीचे चष्मे

टोपली दोन दिवसांपासून ओट्यावर आहे. बांबूची, काठाला जुन्या लुगड्याची पट्टी शिवलेली. आतली भाजी केव्हाच काढून झाली. वांगी, मेथी, चार मुळे, आणि सांबाराच्या एवढ्या जुड्या की दारातून आत येणाऱ्याला आधी तोच वास यावा. कोथिंबिरीला आमच्या वर्धेकडे सांबार म्हणतात. माझी पुण्याची सून नवी नवी होती तेव्हा मी तिला म्हटलं, सांबार निवडून ठेव, तर ती बिचारी झाकणं उघडून इडलीसोबतचं सांबार शोधत बसली होती. आता तीही सांबारच म्हणते.

ही टोपली सेलूजवळच्या आमच्या गावाहून येते, दर हिवाळ्यात, माझ्या वहिनींकडून. माहेरची शेती भाजीपाल्याची. मळ्यातला पहिला माल निघाला की लेकीबाळींना वानोळा जातो, आणि वानोळ्याची टोपली रिकामी परत पाठवायची नसते. काही नसलं तर मूठभर साखर घालायची, चार सुपाऱ्या घालायच्या, पण तळ दिसू द्यायचा नाही. या रिवाजात मी आजवर एकदाच चुकले, आणि तेही टोपली रिकामी न पाठवता.

उद्या भाची, वहिनींची लेक, कामासाठी वर्ध्याला येणार आहे. जाताना टोपली माहेरी वहिनींकडे पोचवेल. दोन दिवस मी स्वयंपाकघरात जाते, तिच्याकडे पाहते आणि काहीतरी दुसरंच काम काढते.

हिवाळ्याचे हे दिवस आले की मला पुलगाव आठवतं. ऐंशी सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. सकाळी मिलचा भोंगा, मग कापसाच्या गाड्यांची स्टेशनच्या रस्त्याला लागलेली रांग, आणि त्या गाड्यांमधून उडून कुंपणाच्या तारेला चिकटलेले कापसाचे पुंजके. दुपारी प्रत्येक घरात मिठाच्या पाण्यात तुरीच्या शेंगा उकडत असायच्या. त्या शेंगांचा वास मला अजूनही हिवाळ्याचाच वास वाटतो. हे, म्हणजे माझे यजमान, बँकेत अधिकारी होऊन तिथे बदलून आले होते. मला पहिल्यांदाच असं घर मिळालं होतं ज्याला बैठकीची वेगळी खोली होती, पडदे होते आणि नव्याने आलेला गॅस होता. त्या गॅसला मी हळदकुंकू लावलं होतं, आणि कोणी पाहुणे येणार असले की ते पुसून टाकायची.

पुसण्यासारखं तेवढंच नव्हतं. आमच्या गल्लीत आठ-दहा बायकांचं एक मंडळ होतं. मिलमधल्या साहेबांच्या बायका, दारूगोळ्याच्या डेपोतल्या दोघी, आणि सगळ्यांच्या पुढे डॉक्टरीणबाई. त्या मुंबईच्या. त्यांचं बोलणं ऐकून मी घरी आरशासमोर ‘मला’, ‘तुला’, ‘नाही’ असं घोकत असे. जन्मभर ‘मले’, ‘तुले’, ‘नाई’ म्हटलेली जीभ ऐनवेळी घसरायची. घसरली की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. एकदा बोलण्याच्या भरात ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणून गेले तर एक बाई म्हणाल्या, “किती गोड बोलता हो तुम्ही.” त्या गोड म्हणण्याने मी आठवडाभर जळत होते.

मंडळातल्या बायका आळीपाळीने संध्याकाळच्या पार्ट्या द्यायच्या, नवऱ्यांसकट. तिथे पंगत नसे, पाट नसे, आग्रह तर अजिबात नसे. लोक उभ्यानेच बोलायचे आणि ट्रे फिरायचा. डॉक्टरीणबाईंच्या घरी मी पहिल्यांदा ती वस्तू पाहिली: ब्रेडची रुपयाहून थोडी मोठी चकती, तिच्यावर हिरवी चटणी, चटणीवर काकडीचा पातळ काप, त्यावर बटाट्याचा चिमूटभर मसाला, किसलेलं चीज, आणि सगळ्यात वर डाळिंबाचा एक दाणा. एकच. त्या सगळ्याला मधोमध एक काडी टोचलेली. आमच्याकडे जेवणं झाल्यावर दात कोरायला देतात, तीच काडी. ‘कॅनपे’ म्हणायचं त्याला. एका घासात तोंडात जायला हवं, ओठांना लागता कामा नये, आणि दुसरं लगेच उचलायचं नाही, एवढे नियम मी त्या एका संध्याकाळी पाहून शिकले. घरी आल्यावर ह्यांना वरणभात वाढावा लागला, कारण भूक तशीच होती. तरीही मी रात्रभर त्या डाळिंबाच्या दाण्याचाच विचार करत होते. आपण किती मोठमोठ्या घासांचे लोक आहोत असं मला तेव्हा वाटलं.

मग आमची पाळी आली. मी बायकांच्या एका मासिकातला कागद कापून ठेवला होता. त्यातले बारकावे मला आजही पाठ आहेत. ब्रेड एक दिवसाचा शिळा हवा, ताजा असला तर कापताना चुरगळतो. आधी अख्ख्या स्लाइसला लोणी लावायचं, अगदी कडेपर्यंत, म्हणजे चटणीचं पाणी आत उतरत नाही. मग चटणी लावायची, आणि मगच चकत्या पाडायच्या. तसं केलं की चकतीची कड स्वच्छ येते. चकत्या पाडायला मी मसाल्याच्या डब्यातली एक वाटी घेतली. एका स्लाइसमधून दोन निघत. चीजचा डबा ह्यांनी नागपूरहून आणला. चटणीला सांबार मात्र माहेरचाच हवा होता, कारण त्या दिवसांत पुलगावच्या बाजारात येणारा सांबार काड्याच जास्त. मी दादाला कार्ड टाकलं. घरी बारा माणसं यायची आहेत, रविवारी सकाळी सांबार, पुदिना आणि कोवळ्या काकड्या पोचव.

वहिनींनी उलट कोणाच्या तरी हाती निरोप पाठवला, “बाईले सांगजो, मी येतो एक दिवस आधी. बारा मानसांचं करायचं म्हणजे एका हातानं होत नाई.” अनसूयावहिनी बारा काय, बाराशे माणसांचं करतील. गावात लग्न असलं की वडे तळायला आधी त्यांना बोलावणं जातं. मी निरोप पाठवला की येऊ नका, फार काही करायचं नाही, थोडंसंच आहे. त्यात खोटं काही नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. वहिनी आल्या असत्या तर पदर खोचून बैठकीत आल्या असत्या आणि प्रत्येकाला म्हणाल्या असत्या, “घ्या न जी, पोटभर घ्या.”

रविवारी पहिल्या गाडीने दादा आला. सेलूहून वर्धा, वर्ध्याहून पुलगाव, मांडीवर टोपली. अंगात धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा, धोतर, डोक्यावर टोपी, आणि पायांना अजून मळ्यातली माती. पहाटे चारला उठून कंदिलाच्या उजेडात त्याने सांबार तोडला होता. पानांवर दव होतं. मी स्वयंपाकघराच्या दारातच टोपली घेतली आणि त्याला बैठकीत बसवलं. मागे ओट्यावर ट्रे होते, ओल्या मलमलीच्या फडक्यांनी झाकलेले. चटणी मी आदल्या दिवशीच बाजारातल्या सांबाराची थोडी करून ठेवली होती आणि निम्म्या चकत्या तयार होत्या. नव्या सांबाराच्या चटणीने उरलेल्या केल्या. त्या दोन चटण्यांतला फरक आंधळ्यालाही कळला असता.

दादा बैठकीतूनच बोलत होता. “का म्हणतात व त्याले? तुये ते पार्टीचे?”

“कॅनपे.”

“क्यानपे,” त्याने एकदा म्हणून पाहिलं आणि हसला. “तुयी वयनी म्हणे, पाहून येजा, मंग मले सांगजा. एखादं चाखाले दे न.”

मी आतूनच म्हणाले, “अजून झाले नाहीत, दादा.” आणि वर जोडून दिलं, “मोजून केलेत.”

तेव्हा माझ्यासमोर चाळीसएक चकत्या तयार होत्या. मी एक उचलून त्याच्या हातावर ठेवली असती तर बाराजणांच्या पार्टीत काय कमी पडणार होतं. पण मला भीती चकतीची नव्हती. एक दिली की तो विचारेल, लोक किती वाजता येणार. मग म्हणेल, राहतो मी संध्याकाळपर्यंत, भेटतो जावईबापूंच्या साहेबांना. दादाला माणसांना भेटायची फार हौस. मी त्याला भाजी-पोळी वाढली, जेवताना दोनदा घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, “दोनची गाडी सुटली तर मग थेट संध्याकाळी आहे.” त्याने हातातला घास पटकन संपवला.

आणि टोपली रिकामी होती.

घरात साखर होती. तांदूळ होते. ह्यांनी आणलेली संत्री होती. पण संत्री संध्याकाळी टेबलावर मांडायची होती, आणि माझे हात घाईत होते. ओट्याच्या कडेला परातीत चकत्या पाडून उरलेल्या स्लाइस पडल्या होत्या. प्रत्येक चौकोनाला दोन गोल भोकं, लोणी आणि चटणी लागलेली. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि टोपलीत ठेवल्या. मनाशी म्हटलं, गाईला होतील.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की मी ते गाईसाठी दिलं होतं. पण मिरचीची चटणी फासलेली डबलरोटी गाईला घालत नाहीत, एवढं शेतकऱ्याच्या मुलीला कळत नव्हतं असं नाही.

दादाने पुडक्याचं टोक उलगडून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, मघाशी आपण मागितलं म्हणून हिने आठवणीने बांधून दिलं. “पार्टीचं हाय का?” त्याने विचारलं.

मी म्हणाले, “हो.”

एवढंच. तो फाटकाबाहेर गेला, टोपली डोक्यावर नाही तर दोन्ही हातांत छातीशी धरून, आतलं चुरगळू नये म्हणून. मी दार लावून घेतलं आणि डाळिंब सोलायला बसले.

पार्टी छान झाली. छान झाली हेच मला आता सगळ्यात बोचतं. ट्रे फिरला, लोकांनी एकेक उचललं, डॉक्टरीणबाईंनी चटणीची तारीफ केली. “काय ताजा सुगंध आहे. कुठून आणता हो तुम्ही?” मी म्हणाले, “मिळते इथे.” कोणी सहा खाल्ले नाहीत. दोन, फार तर तीन. ती रीतच होती, आणि रीत मला माहीत असूनही मी आमच्या पंगतीच्या हिशेबाने माणशी सहा धरले होते. सगळे गेल्यावर तीन ट्रेमध्ये मिळून चाळीसएक चकत्या तशाच होत्या. सकाळपर्यंत काकडीला पाणी सुटलं आणि त्या खालून मऊ पडल्या. मी त्या मागच्या भिंतीपाशी नेऊन टाकल्या. तिथे रोज येणारी गाय होती, तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

आठ दिवसांनी दादाचं कार्ड आलं. त्याचं अक्षर मोठं आणि गोल, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं. ‘चि. सुमन हिस आशीर्वाद. तू दिलेलं पार्टीचं खाणं नीट पोचलं. सर्वांना फार आवडलं. तुझ्या वहिनीने शेजारी पण दोन घरी दिलं. पोरं डोळ्याला लावून चष्मे चष्मे म्हणत होती. डबलरोटीला भोकं कशाने पाडली ते वहिनी विचारते, कळव.’

ह्यांनी कार्ड वाचलं आणि त्यांना आधी काही उमगेना. मी सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर माझं हसणं त्यांच्यापेक्षा मोठं होतं. आणि मग मी जे केलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्या पार्टीत मी ती गोष्ट रंगवून सगळ्यांना सांगितली. गावाकडचे लोक, ब्रेडच्या कडा, डोळ्यांना लावलेले चष्मे. माझी जीभ एकदाही घसरली नाही. सगळ्या बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी त्यांच्यातली झाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि विचारलं, “तुमचे भाऊ त्या दिवशी आले होते? मग पार्टीला का नाही थांबवलंत?”

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी म्हणाले, त्यांची गाडी होती दोनची.

संक्रांतीनंतर मी माहेरी गेले. अंगणात ऊन पसरलं होतं, बाजेवर तीळ वाळत घातले होते, आणि विहिरीवरच्या मोटरचा आवाज थांबून थांबून येत होता. वहिनींनी मला दुसऱ्या बाजेवर बसवलं आणि उठू दिलं नाही. आमच्या गावात तेव्हा डबलरोटी फक्त आजाऱ्याला आणत, चहात बुडवून द्यायला. त्यामुळे घरात मला ब्रेडचा कागद दिसला तेव्हा मी विचारलं, कोण आजारी आहे. वहिनी नुसत्या हसल्या. दादा सकाळीच सायकलने सेलूला जाऊन आला होता.

त्यांनी स्टीलचं ताट रुमालाने झाकून आणलं. माझ्यासमोर ठेवलं. रुमाल काढला.

ताटात चार चष्मे होते. तव्यावर तूप सोडून भाजलेले, कडा सोनेरी, वर सांबाराची चटणी आणि तिच्यावर तीळ. दोन्ही भोकं अगदी गोल, एकसारखी. मसाल्याच्या वाटीने मी पाडली होती त्यापेक्षा किती तरी नीटस.

“पाहा बरं बाई, जमले का,” वहिनी म्हणाल्या. “चार डबलरोट्या खराब झाल्या पयले. मंग समजलं, आधी कापाचं अन् मंग चटनी लावाची. नाई तं मधलं वाया जाते.”

मी उचलला. कुरकुरीत होता. चांगला होता.

“अन् मधलं?” मी विचारलं.

“मधलं गाईले घातलं. कोरंच होतं, तिनं खाल्लं मजेनं.” मग त्यांनी अगदी शिकायच्या इच्छेने विचारलं, “तुमी काय करता मधल्याचं?”

मागच्या भिंतीपाशी तोंड फिरवून उभी राहिलेली गाय मला दिसली. मी म्हणाले, “आम्हीही गाईलाच घालतो.”

मी चारही चष्मे संपवले. वहिनी समोर बसून एकेक घास पाहत होत्या. त्यांनी स्वतः एकही घेतला नाही, पोरांनाही दूर ठेवलं, आधी बाईचं होऊ द्या म्हणाल्या. दादा खांबाला टेकून उभा होता आणि माझ्याकडे असं पाहत होता की पाहा, माझ्या बायकोनेही केलं ते तुमच्या पार्टीतलं. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. हसत सांगितलं असतं तर तेही हसले असते. पण जी गोष्ट मी हसत हसत दहा परक्या बायकांना सांगितली होती, ती माझ्याच भावाला सांगायला माझ्याजवळ हसू उरलं नव्हतं.

पुलगाव सुटलं, बदल्या होत राहिल्या, आम्ही वर्ध्याला घर बांधलं. चष्मे मात्र माझ्या माहेरी कायमचे राहिले. कोणी खास पाहुणा आला की चष्मे. भाचीला पाहायला मुलाकडचे आले तेव्हा चष्मे, आणि लग्नानंतर ती ते सासरी घेऊन गेली. कोणी विचारलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवायचे. आत्याचे चष्मे, आत्यानं पार्टीत केल्ते. मी ताटात एक घेऊन तो शेवटपर्यंत खायची. एवढी एकच शिक्षा मी स्वतःला देऊ शकले, आणि तीही चवदार.

दादाच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी त्याला दूध-डबलरोटी द्यायला सांगितली होती. दात राहिले नव्हते. वहिनी मऊ मधला भाग दुधात कुस्करून चमच्याने देत होत्या, तर तो मान हलवायचा आणि बोटाने ब्रेडच्या कडांकडे दाखवायचा. मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते. वहिनी मला म्हणाल्या, “यायले तुमच्या हातचे चष्मेच लागतात.” त्याला जाऊन आता बारा वर्षं झाली.

मागच्या हिवाळ्यात मी गावी गेले होते. वहिनी ऐंशीच्या घरात. पाठ वाकली आहे, पण सकाळी मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सांबाराच्या जुड्या बांधायचं काम त्यांनी कोणाला दिलेलं नाही. मी शेजारी बसून केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाचे बंद काढून देत होते. ऊन छान होतं. वहिनी म्हणाल्या, दुपारी सुनेले चष्मे कराले सांगतलं तुमच्यासाठी. आणि कोण जाणे काय झालं, चाळीस वर्षं गिळलेलं एकदम वर आलं.

मी म्हणाले, “वयनी, ते चष्मे पार्टीचे नव्हते. पार्टीत मधल्या चकत्या होत्या. दादाले म्या देल्ले ते उरलेले होते. फेकाचे होते. अन् त्यानं विचारलं तं म्या हो म्हटलं.”

कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून ही भाषा अशी न अडखळता आली.

वहिनींचे हात थांबले नाहीत. त्यांनी हातातली जुडी पुरी बांधली, मुळं झटकली, टोपलीत ठेवली. दुसरी घेतली. तीही बांधली.

“त्यायले मालूम होतं का?” त्यांनी विचारलं.

“नाई.”

“बरं झालं.” त्यांनी तिसरी जुडी घेतली. पलीकडच्या वाफ्यात पाणी शिरल्याचा आवाज येत होता. “त्यायनं त्यातले दोन बाजूले ठेवले होते,” वहिनी म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी बाजारात घेऊन गेलते. भाजीवाल्याईले दाखवाले. माया बहिनीनं पाठवलं म्हने.”

मी पुढचा बंद काढून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला सोसला असता. “त्यायले नाई सांगतलं ते चांगलं केलं,” त्या म्हणाल्या. “मंग मले काऊन सांगतलं, बाई?”

याचं उत्तर मी वर्षभर शोधते आहे. मला हलकं वाटावं म्हणून, हे खरं उत्तर आहे आणि ते देण्यासारखं नाही. माझ्या डोक्यावरचं ओझं मी उतरवलं ते थेट ऐंशी वर्षांच्या बाईच्या मांडीवर. त्या दुपारी घरात चष्मे झाले नाहीत. सुनेने पोहे केले. वहिनींनी मला आग्रह करून दोनदा वाढले.

म्हणून यंदा टोपली येईल असं मला वाटलं नव्हतं. डिसेंबर लागला, बाजारात सांबार दिसायला लागला, आणि मी फाटकाच्या आवाजाकडे कान लावून बसायची. परवा आली. नेहमीसारखी काठोकाठ भरलेली, वर ओलं गोणपाट. मी एकेक जुडी बाहेर काढत गेले, आणि तळाशी वर्तमानपत्राचं पुडकं लागलं.

उघडायला मला हिंमत होईना. मग उघडलं. आत डबलरोटीच्या चार स्लाइस होत्या. तुपावर भाजलेल्या, सोनेरी, सांबाराची चटणी चारही कोपऱ्यांपर्यंत नीट लावलेली, वर तीळ. अख्ख्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा एकीलाही भोक नव्हतं.

ह्यांना दोन दिल्या, मी दोन खाल्ल्या. चटणी तशीच होती, त्या रविवारच्या सकाळची.

टोपली मी धुऊन पुसून ठेवली आहे. घरात साखर आहे, तांदूळ आहेत, संत्रीही आहेत. उद्या भाची येईल, आणि टोपलीत काय घालून पाठवावं ते मला अजून सुचलेलं नाही.